उधाणाचा रविवार

बेलापूरच्या खाडीत पुनवेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमाराला भरती पुरी भरते. घड्याळ बंद असलं तरी भरते.

*

सुमित्राबाईंच्या बाजाच्या पेटीत एक काळी पट्टी आहे. दमट हवेत ती एकदा दाबली की वर येत नाही. गीत संपतं, लोक बसतात, तो सूर मात्र उभाच राहतो.

*

प्रार्थनामंदिरात बाकं सहा. बाकांच्या मागे चटया. बाकांवर घाटावरून आलेली सहा घरं बसतात, चटयांवर मिठागरातली अकरा. असं बसा, असं कुणी कधी सांगितलेलं नाही.

*

पुतळाबाईच्या तळपायांना भेगा आहेत. उजव्याला सात, डाव्याला नऊ. भेगेत खारं पाणी शिरलं की ती गाते. आवाज वाईट नाही.

*

मंडळीच्या सभेच्या वहीतून:

ईस्टर १९५८. उपासनेनंतर सभा. पंच निवडले. हजर असलेल्या सर्वांनी हात वर केले. एकमत.

ईस्टर १९६१. उपासनेनंतर सभा. पंच निवडले. एक ठराव मंजूर. एकमत.

ईस्टर १९६२. वरीलप्रमाणे. एकमत.

*

शिमग्याला किरिस्तावांनी पाणी सांभाळायचं, नाताळला बाकीच्यांनी. हा करार मिठागरातल्या नामदेव मुकादमाचा बाप आणि पुतळाबाईचा नवरा यांनी बांधावर बसून पान खाता खाता केला. दोघेही आता नाहीत. करार आहे.

*

गोजराचं हसू उघाडीपासून, म्हणजे मिठागरात खाडीचं पाणी घ्यायच्या दारापासून, करावे गावाच्या बंदरापर्यंत ऐकू जातं, असं धर्मा म्हणतो. धर्मा तिचा नवरा आहे. त्यामुळे बंदरापर्यंत नसलं तरी अर्ध्या वाटेपर्यंत जात असावं.

*

१९६४ साली उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आणि होळी एकाच दिवशी आली.

बाकांवरच्या मंडळीला त्याचं काही वाटलं नाही. त्यांची उपासना बाराला सुरू झाली आणि तीनला संपायची होती. मिठागरातली माणसं मात्र त्या वेळी गुडघाभर चिखलात होती. पुनवेचं पाणी चढत होतं, उघाडीच्या फळ्या काढून ते तळ्यात घ्यायचं होतं, तळं भरलं की फळ्या परत खाचांत सोडून बसवायच्या होत्या. महिन्यातून दोनदा उधाण येतं. तेव्हा घेतलेलं पाणी पुढे वाफ्यांत फिरतं, उन्हात आटतं, आणि त्याचं मीठ होतं. ते पाणी चुकलं तर पंधरा दिवस नुसतं बांधावर बसून एकमेकांची तोंडं बघायची.

पाणी घेऊन, फळ्या बसवून, गोजरा आणि बाकीच्या बाया लुगड्यांचे ओले काठ पिळत प्रार्थनामंदिराशी पोचल्या तेव्हा अडीच वाजून गेले होते. आणि दारात पाटी होती.

पाटी सागवानी, चार हात लांब, वीतभर रुंद. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: पाय धुऊन आत यावे. शेजारी विहिरीच्या दिशेने एक बाण. तीन वर्षांपूर्वी मंदिरात शहाबादी फरशी बसली. मिठागरातली माणसं आत आली की फरशीवर पांढरी पावलं उमटायची आणि ती पुसली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वर यायची. म्हणून पंचांनी पाटी लावली. लावली त्या दिवशी जयदेव मास्तरांनी ती मोठ्याने वाचून दाखवली होती.

"सगल्यांनी धुवायचं?" गोजराने विचारलं होतं.

"सगळ्यांनीच," रामचंद्र कंपाउंडर म्हणाले होते. ते तेव्हा पायमोज्यात उभे होते.

विहिरीला पोहरा एक. मिठागरातले पाय तीस जोड. पहिली पावलं धुऊन आत गेली की शेवटची धुवेपर्यंत प्रवचनातला येशू क्रूसावरून उतरवून कबरेत ठेवलेला असायचा. त्या शुक्रवारीही तेच झालं. गोजरा सगळ्यांत शेवटी आली, चटईच्या कडेला टेकली आणि सासूच्या कानात म्हणाली, "आये, काय झाला?"

"मेला," पुतळाबाई म्हणाली. "आता मास्तर बोलतान."

मास्तर म्हणजे जयदेव मास्तर. मिशनच्या शाळेत शिकवायचे. मंडळीचे चिटणीसही तेच. माणूस सज्जन. कुणाच्या घरी ताप आला तर स्वतः गोळी घेऊन जाणार. फक्त एकदा ठरलेली गोष्ट बदलायची म्हटलं की त्यांना ठसका लागायचा.

"रविवारी ईस्टरच्या उपासनेनंतर अकरा वाजता वार्षिक सभा आहे," मास्तर वाचत होते. "आपले एक पंच नगरला मुलाकडे राहायला गेले. त्यांची जागा भरायची आहे. नावं सुचवावीत. रविवारी जो हजर असेल तो हात वर करील. पनवेलचे पाळकसाहेब उद्याच्या भरतीला मचव्याने येतायत."

पुढच्या बाकावरून रामचंद्र कंपाउंडरांचं नाव आलं. कंपाउंडरांनी मान खाली घातली, पण ती जरा आधीच घातल्यासारखी वाटली.

"अजून कोणी?"

"आमची गोजरा!" चटईवरून बायजा ओरडली. बायजा म्हणजे गोजराची मिठागरातली जोडीदारीण. दोघी मिठाच्या एका पाटीला दोन बाजूंनी हात लावायच्या.

बाकांवर हसू पसरलं. वाईट नव्हतं ते, लहान मूल मोठ्याचे जोडे घालून चाललं की हसतात तसं. गोजराला ते जास्तच लागलं. ती मघाशी बायजाला चिमटा काढणार होती. आता उठून उभी राहिली.

"लिवा मास्तर. गोजरा धर्मा. लिवलं?"

"लिहितो, लिहितो. पण गोजराबाई, पंच व्हायचं म्हणजे..."

"काय करतान पंच?"

"मंडळीचे निर्णय. उपासनेच्या वेळा. मंदिराची व्यवस्था."

"तेच मना करायचं हाय. वेल बदलायची न् ती दारातली पाटी काढायची. अकरा घरं आमची, सा तुमची. पाच पंच, पाची तुमचे. यात एक आमचा आला तर काय मंदिर एका बाजूला कलंडल?"

धर्मा चटईवर बसल्या बसल्या आणखी खाली बसला. पुतळाबाई मात्र सरसावली. "पयलं असं नव्हतंच मुली. पयलं तर..."

"आजी, नंतर सांगा," मास्तर म्हणाले. मग गोजराकडे वळून, "नाव लिहिलंय. रविवारी या, लोक हात वर करतील."

"रविवारी आमी उघाडीवर. शिमगा हाय, पान्याला आमच्याबिगर कोनी नाय. सभा चारला घ्या. तवर ओहोटी लागते."

मास्तरांना ठसका लागला. "ईस्टरची सभा उपासनेनंतर अकराला. हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. भरती काही दर वर्षी मध्ये येणार नाही."

"दर वर्सी येते."

"असं कसं? ईस्टरची तारीख दर वर्षी वेगळी असते." मास्तरांचा चेहरा खुलला. हा त्यांचा आवडता धडा होता. सातवीच्या मुलांना ते फळ्यावर चंद्र काढून शिकवत. "ईस्टर हा नाताळासारखा एका तारखेला नसतो गोजराबाई. त्याचा नियम आहे. वसंत ऋतू लागला, की त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. समजलं? पौर्णिमेनंतरचा रविवार."

मागच्या चटयांवर तीस डोकी एकमेकांकडे वळली.

"म्हनजे उधानाचा रविवार," गोजरा म्हणाली.

मास्तरांचा हात खडू धरल्यासारखा हवेतच राहिला.

"पुनव गेली का उधान. चार दिस पानी चढतं. कवा रविवार पुनवेपासून पाच-सात दिस लांब पडला तर आमी येतो. नायतर नाय. तुमी पोरांना शिकवतान न् मास्तर, तुमाला म्हाईत नव्हतं?"

खरोखरच माहीत नव्हतं. वीस वर्षं फळ्यावर चंद्र काढला, पण त्या चंद्राला खाडी जोडलेली आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "आता घोषणा झालेली आहे," ते म्हणाले आणि वही मिटली.

पेटीवरून सुमित्राबाईंनी नवऱ्याकडे, म्हणजे मास्तरांकडे, पाहिलं. मग शेवटचं गीत धरलं. गीत संपलं, सगळे उठले, काळी पट्टी आपली वाजतच राहिली.

*

शनिवार. धुळवड. सकाळी आठलाच ऊन चावायला लागलं होतं.

गोजरा वाफ्यात उतरून लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होती. पाण्याखालचं मीठ फळीशी जमतं, खरखरतं, आणि कडेला आलं की आधी राखी दिसतं, मग वाळता वाळता पांढरं होतं. बायजा पाटी भरत होती. दोघींच्या पोटऱ्यांवर वाळलेल्या मिठाची पुटं चढली होती; चाललं की ती तडकायची.

"तू न् मना हुबी करतेस पंचांत," गोजरा म्हणाली. "मना सही येत नाय."

"कंपाउंडरला मीठ ओढता येतं काय?"

"त्याचा काय संबंध?"

"तुझ्या सहीचा काय संबंध?"

गोजरा हसली. दूर बांधावरचे बगळे उडाले.

मग नामदेव मुकादम आला. एक गाल हिरवा, एक लाल, कानात गुलाल. त्याच्यामागे गावातला ढोल चालला होता, आणि नामदेवचे पाय ढोलाच्या तालावर नसून भलत्याच कुठल्या तालावर पडत होते.

"गोजराबाय, ऐकला मी. तुमच्या देवलात इलेक्शन हाय म्हने!"

"हाय. मना हुबी केलीय."

"मंग उद्या जा की तू. दोन मानसं देतो पान्यावर." नामदेवने मागे वळून पाहिलं. त्याच्या दोन माणसांतला एक बांधावर झोपला होता आणि दुसरा त्याला हार घालत होता. "ही दोन."

"ठेव तुझी दोन. फली उलटी बसवतील. न् करार हाय, भावा. नाताळला तू किती थंडीत हुबा होतास, मी बगितला. आमी नाय मोडनार."

"मंग पंच कशी होशील?"

गोजरा पुन्हा मीठ ओढायला लागली. रात्रभर तिने तोच विचार केला होता. करार मोडला तर सासऱ्याचं नाव जातं. पाळला तर हात वर करायला मंदिरात मिठागरातलं एक माणूस उरत नाही. कंपाउंडर निवडून येणार, वहीत एकमत लिहिलं जाणार, आणि पुतळाबाई आणखी एक वर्ष विहिरीवर वाकून नऊ आणि सात भेगा धूत बसणार.

दुपारी, भरतीचं काम उरकल्यावर, बांधावरून छत्री येताना दिसली. छत्रीखाली सुमित्राबाई होत्या. कैरीच्या लोणच्याला दोन ओंजळी जाडं मीठ पाहिजे म्हणाल्या. त्यांच्या घरी डबाभर मीठ होतं हे बायजाला माहीत होतं, कारण तिनेच ते गेल्या बुधवारी पोचवलं होतं.

सुमित्राबाई बांधाच्या कडेला बसल्या. पाय खाली सोडले.

"गोजराबाई, मी काल सभेची वही काढून वाचली. ह्यांच्या उशाखालून."

"मंग?"

"अठ्ठावन्नपासून आहे. नियम एकच लिहिलाय. ईस्टरची उपासना झाल्यावर अकरा वाजता सभा. हजर असेल त्याचा हात." त्यांनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. "सभा कुठे घ्यायची, ते कुठेच लिहिलेलं नाही."

गोजराच्या हातातला दांडा थांबला.

"बाय," ती म्हणाली, "तुमी सुदा बाकावर बसतान, पन पंचांत तुमी बी नाय कं?"

"मी पेटी वाजवते," सुमित्राबाई म्हणाल्या. मग दोघी एकदम हसल्या, आणि या वेळी बगळ्यांना दोन हसण्यांचा त्रास झाला.

*

रविवार. साडेअकरा.

तळं भरलं होतं. उघाडीच्या खाचांत एकावर एक पाच फळ्या सोडून झाल्या होत्या. आता खाडी बाहेरच्या बाजूने फळ्यांना टेकून फुगत होती. अजून तासभर ती फुगणार. आतल्या बाजूला, बांधापलीकडे, आठ दिवस धरलेल्या मिठाचे वाफे चकाकत होते. खाडी आत आली तर त्या मिठाचं पुन्हा पाणी.

"आले!" बायजा ओरडली.

बांधावरून मंडळी येत होती. पुढे पनवेलचे पाळकसाहेब, गोल चेहऱ्याचे, पांढरा झगा गुडघ्यापर्यंत उचलून धरलेला. त्यांच्यामागे सभेची वही छातीशी धरलेले मास्तर. मग छत्र्या, ईस्टरची पांढरी पातळं, शेवटी कडक इस्त्रीच्या विजारीत रामचंद्र कंपाउंडर. चिखलाच्या एका डबक्यावरून दुसऱ्यावर ते अशी उडी टाकत होते की मिठागरातल्या बाया श्वास धरून बघत राहिल्या. वाटेत शिमग्याचा ढोल भेटलेला दिसत होता: कंपाउंडरांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर, पाठीच्या बरोबर मधोमध, एक गुलाबी पंजा उमटला होता. त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"सभा बांधावर!" सुमित्राबाईंनी लांबूनच सांगितलं. "पाळकसाहेबांनी मान्य केलं."

"मला काय," पाळकसाहेब हसत म्हणाले, "आमचा प्रभू तर होडीत बसून बोलायचा. फक्त लवकर. पाणी उतरायच्या आत मला निघायचंय, चारला पनवेलची उपासना आहे."

धक्क्यावरून जाफरची हाक आली. मचवा त्याचा. "पाळकसाब! एक वाजता निघनार! चिखलात रुतलो तर मंग पनवेलला दोघं चालत जाऊ!"

मास्तरांनी वही उघडली. घसा साफ केला. "वार्षिक सभा सुरू..."

आणि फळी तडकली.

आवाज मोठा नव्हता. सुकं लाकूड मोडल्यासारखा कट्. वरून दुसरी फळी मधोमध चिरली आणि चिरेतून पाण्याची धार माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर आत आली. धर्मा आधी उतरला. पाठीने फळी दाबली. मग गोजरा, मग बायजा, मग जेवढी मिठागरातली होती तेवढी सगळी. काही पाठीने, काही हातांनी, काही पुढच्याच्या खांद्यांना धरून. चिरेत गोणपाट कोंबलं. धारेचा पाझर झाला.

"नवी फली आन!" गोजरा धर्माला म्हणाली.

"कोठीला कुलूप हाय. किल्ली नामदेवच्या कमरेला."

"न् नामदेव कुठं हाय?"

ढोल लांब कुठेतरी वाजत होता.

"कुठूनबी आन! जा!"

धर्मा पाण्यातून निसटला आणि बांधावरून गावाकडे पळत सुटला. त्याच्या जागी पुतळाबाईने पाठ लावली. पाणी भेगांत शिरलं आणि ती गायला लागली.

बांधावर मास्तर वही धरून उभे. शेवटी पाळकसाहेबांनीच घड्याळ पाहिलं. "मास्तर, बारा वाजून गेले. मला थांबता येणार नाही, आणि मी नसताना निवड होत नाही. घ्या."

"आत्ता?"

"आत्ता."

"बरं," मास्तर म्हणाले. सवयीने आवाज चढवला. "गोजराबाई धर्मा यांना पंच म्हणून ज्यांची पसंती असेल, त्यांनी हात वर करावेत."

एकही हात वर झाला नाही.

फळीला टेकलेली चोवीस माणसं नुसती मास्तरांकडे पाहत होती. चोवीसांचे अठ्ठेचाळीस हात लाकडावर, गोणपाटावर, एकमेकांच्या खांद्यांवर होते. एक हात सुटला तर खाडी आत. बांधावर घाटावरची माणसं उभी होती, त्यांचे सगळे हात मोकळे, कुणाचे छत्रीला, कुणाचे कमरेवर, कुणाचे पाठीमागे.

मास्तरांनी लिहायला पेन टेकवलं. मग उचललं. मग परत टेकवलं नाही.

"मास्तर," गोजरा खालून म्हणाली. तिच्या हनुवटीवर चिरेतलं पाणी उडत होतं. "काय लिवतान? एकमत?"

कुणीतरी छत्री मिटल्याचा आवाज झाला. सुमित्राबाईंची होती. त्यांनी ती नवऱ्याच्या हातात दिली, पातळाचा काठ कमरेला खोचला आणि घसरत, बसत, शेवटचे दोन हात नुसत्या सरपटत त्या पाण्यात उतरल्या. बायजाच्या शेजारी फळीला पाठ लावली. "बायजा, तू हो वर."

पाळकसाहेबांनी झगा काढून कुंपणाच्या काठीवर टांगला. त्याखाली त्यांनी साधी बंडी घातली होती, आणि बंडीला पोटावर एक भोक होतं. "चला मंडळी. आपले हात मोकळे आहेत."

मग ती सगळी उतरली. कुणी नाक धरून, कुणी देवाचं नाव घेऊन. रामचंद्र कंपाउंडर शेवटी उरले. त्यांनी इस्त्रीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, "अरे देवा" म्हणाले आणि उतरले. बूट चिखलाने धरले, कंपाउंडर पुढे गेले, बूट मागे राहिले. पायमोजे पहिल्यांदाच ओले झाले.

एकेक करून मिठागरातली माणसं फळीवरून सुटली आणि बांधावर चढली. गोजरा सुद्धा. अंगावरून चिखल गळत होता. समोर, खाली, पाण्यात बाकांवरची अख्खी मंडळी फळी धरून उभी होती, डोळे मिटून, जणू प्रभुभोजनाची वाट पाहत होती.

"गोजराबाई," मास्तर म्हणाले. "पसंती असेल त्यांनी हात वर."

चोवीस काळे हात वर गेले. चिखल कोपरांवरून काखेत उतरला. पुतळाबाईने दोन्ही वर केले.

"आजी, एक," मास्तर म्हणाले.

"मना दोन हाईत."

"एकच मोजतो."

मग पाण्यातून एक हात वर आला. सुमित्राबाईंनी फळीला नुसती पाठ लावून एक हात मोकळा केला होता. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिने मोजणीच्या पुस्तकात चूक सापडल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं.

"पंचवीस," मास्तरांनी लिहिलं.

"मोजलं ना?" खालून कंपाउंडर ओरडले. "पाणी गळ्याशी आलंय! लिहा, एकमत लिहा, आणि सोडवा आम्हाला!"

सगळे हसले. बांधावरचे, पाण्यातले, पाळकसाहेब तर इतके की फळी हलली. गोजरा मात्र हसली नाही. ती बांधाच्या कडेला आली.

"नाय मास्तर. तसं नका लिवू. यांचे बी हात लाकडावर हाईत." ती पुन्हा पाण्यात उतरली आणि कंपाउंडरांच्या शेजारी पाठ लावली. "कंपाउंडरभाऊ, मी धरते. तुमी वर व्हा. हात करा."

"अहो पण तुम्ही तर जिंकलात."

"जिकलो का नाय ते तुमी हात केल्यावर समजल."

मिठागरातली माणसं परत उतरली. बाकांवरची परत चढली. दोनदा अदलाबदल झाली आणि वाफ्यांत पाण्याचा एक थेंब जास्तीचा गेला नाही. पुढे हे नामदेवला सांगितलं तर तो मानायलाच तयार नव्हता.

कंपाउंडर बांधावर आले. बूट नाहीत, इस्त्री नाही. पाठीवरचा गुलाबी पंजा भिजून पार कमरेपर्यंत ओघळला होता. त्यांनी मान ताठ केली आणि हात वर केला. "माझं मत मी मलाच देणार," ते म्हणाले.

"द्या की," गोजरा म्हणाली.

"मास्तर," बायजा खालून म्हणाली, "कंपाउंडरभाऊंच्या पाठीवर अजून एक हात हाय. तो बी धरा!"

कंपाउंडरांनी मान वळवून पाठ बघायचा प्रयत्न केला. बघता येईना म्हणून गोल फिरले. फिरता फिरता त्यांनाच हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना.

"आठ," मास्तरांनी मोजलं. "आठ. पाठीचा सोडून."

तेवढ्यात धर्मा आला. डोक्यावर फळी. घामाने निथळलेला. फळी चार हात लांब, वीतभर रुंद, सागवानी.

"ही बसल," तो म्हणाला. "मी मापून आनलीय."

त्याला वाचता येत नव्हतं. पण त्या फळीवर काय लिहिलंय ते तीन वर्षं पाठ होतं, म्हणून तो मास्तरांकडे न बघता थेट पाण्यात उतरला. चिरलेली फळी ओढून काढली, नवी खाचांत सोडली आणि टाचेने दाबून बसवली. ती जणू या उघाडीसाठीच तासली होती. पाझर थांबला. अक्षरं बाहेरच्या बाजूला, खाडीकडे राहिली. भरतीला दर वेळी पाय धुऊन आत येण्याची सूचना मिळायला लागली.

सगळे मास्तरांकडे बघत होते.

मास्तरांनी आपल्या पायांकडे पाहिलं. पाण्यात ते उतरले नव्हते. पण वही धरून इकडून तिकडे करताना पायांच्या घोट्यांपर्यंत चिखल आला होता आणि तो आता उन्हात पांढरा पडत चालला होता.

"सागवान आहे," ते म्हणाले. "टिकेल."

*

पाळकसाहेब एकला मचव्यात चढले. जाफरने त्यांच्याकडे पाहिलं, बंडीच्या भोकाकडे पाहिलं. "साब, उपासना झाली का शिमगा झाला?" त्याने विचारलं.

*

मंदिरात पेटी, चटया, भांडी आवरायची राहिली होती म्हणून सगळी परत गेली. दाराशी येऊन सगळी थबकली. चौकटीला दोन खिळे होते आणि मध्ये फिकट रंगाची एक लांब पट्टी. विहीर तिथेच होती, पोहरा एकच. आणि आता पाय सगळ्यांचेच खारे होते.

मास्तर चपला हातात घेऊन उभे राहिले. आत जावं की विहिरीवर, ठरेना.

"या मास्तर," गोजरा आतून म्हणाली. ती पुढच्या बाकावर बसली होती, कारण जवळ तेच होतं. "या आत. उद्या सगलेच मिलून पुसू."

मास्तर आत आले. फरशीवर पांढरी पावलं उमटली, मोठी, जराशी आत वळलेली. त्यांनी मागे वळून ती पाहिली. मग बसून वही पुरी केली:

ईस्टर १९६४. उघाडीच्या बांधावर सभा. पंच निवडले. गोजरा धर्मा पंचवीस, रामचंद्र आठ. नव्या पंचांची पहिली सूचना: ईस्टरची उपासना आणि सभा दुपारी चारला घ्यावी. पुढच्या रविवारी विचार होईल.

'पुढच्या रविवारी विचार होईल' हे त्यांनी खोडलं आणि त्यावर 'घेऊ' लिहिलं. पानावर चिखलाचा एक अंगठा उमटला होता. तो गोजराच्या सहीच्या जागी तसाच ठेवला.

"आजी," मास्तर वही मिटत पुतळाबाईला म्हणाले, "परवा तुम्ही काही सांगत होता. पहिलं असं नव्हतं म्हणून."

"नंतर सांगते," पुतळाबाई म्हणाली. तिला पेंग आली होती.

*

या मंडळीची पहिली उपासना १९३१ साली झाली. तेव्हा मंदिर नव्हतं. ती त्याच उघाडीच्या बांधावर, दुपारी चारला, ओहोटी लागल्यावर झाली होती.